स्वादुपिंडाची घडण आणि मधुमेहाचा उपचार

बंगळुरू येथील बायोकॉन ह्या कंपनीने २००४ साली एका जातीच्या यीस्टपासून तयार केलेले मानवी इन्शुलिन बाजारात आणले. यीस्ट हा एकपेशीय जीव. त्याच्या अंगी मूळचे इन्शुलिन तयार करण्याचे सामर्थ्य नसते. परंतु मानवी इन्शुलिनची कृती सांगणारे जनुक त्याच्या ठायी घातले म्हणजे मोठमोठ्या पोलादी पात्रांत वाढता वाढता ते इन्शुलिनचे पूर्वरूप निर्माण करू लागते, आणि त्यावर पुढील संस्कार करून शुद्ध औषध मिळविता येते. निरोगी माणसाच्या पोटात हेच काम ज्या पेशी रात्रंदिवस करीत असतात, त्या सर्वांचे मिळून वजन जेमतेम एक ग्रॅम भरते.

कारखाना हवे तेवढे इन्शुलिन देऊ शकतो. परंतु ते केव्हा आणि किती द्यावयाचे, हे त्याला कळत नाही. पोटातील पेशी मात्र रक्तातील साखर क्षणोक्षणी पारखते आणि गरजेपुरतेच इन्शुलिन सोडते. टोचून इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाला हा हिशेब स्वतः करावा लागतो. तो चुकून इन्शुलिन अधिक झाले तर साखर एकाएकी उतरून शुद्ध हरपण्याची भीती. वर्षानुवर्षे कमी पडले तर डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू ह्यांना इजा. म्हणून मधुमेहाचा विचार करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे औषधाच्या पलीकडचा एक प्रश्न सदैव उभा राहिला आहे: नष्ट झालेली पेशीच रुग्णास परत देता येईल काय? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांना निसर्ग ती पेशी प्रथम जेथे घडवितो तेथे, म्हणजे मातेच्या उदरात वाढणाऱ्या गर्भाकडे, वळावे लागले.

ग्रंथी एक, कामे दोन

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी पसरलेली सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीची ग्रंथी होय. तिचा फार मोठा भाग पाचक रस तयार करण्यात गुंतलेला असतो. हा रस नलिकांच्या जाळ्यातून वाहत लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, ग्रहणीत, उतरतो आणि अन्नाचे पचन करतो. ह्या भागात, समुद्रात लहानलहान बेटे विखुरलेली असावीत त्याप्रमाणे, निराळ्याच पेशींचे पुंजके दिसतात. बर्लिन येथे शिकणाऱ्या पॉल लांगरहान्स ह्या तरुणाने १८६९ साली त्यांचे प्रथम वर्णन केले. त्यांचे कार्य काय, हे त्याला सांगता आले नाही. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्हस्की व फॉन मेरिंग ह्यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला. पुढे १८९३ साली लागेस ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या पुंजक्यांस लांगरहान्सची द्वीपके हे नाव दिले आणि शरीराच्या अंतःस्रावाचा उगम तेथे असावा असा तर्क मांडला.

प्रौढ माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख द्वीपके असतात. तरीही सर्व ग्रंथीच्या वजनात त्यांचा वाटा शेकडा एक-दोन एवढाच भरतो. द्वीपकातील ज्या पेशी इन्शुलिन तयार करतात त्यांना बीटा पेशी म्हणतात. त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या आल्फा पेशी ग्लुकागॉन नावाचे, रक्तातील साखर वाढविणारे संप्रेरक सोडतात. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती बीटा पेशींवरच उलटते व त्यांचा नाश करते. दुसऱ्या, अधिक आढळणाऱ्या प्रकारात शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाही आणि वाढीव श्रमाने बीटा पेशी हळूहळू थकतात.

इन्शुलिनच्या शोधात गर्भाचा वाटा

इन्शुलिनचा शोध सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या शोधाला गर्भशास्त्राने केलेले साह्य फारसे सांगितले जात नाही. १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढीत होते, आणि त्यांच्या वाटेत एक मोठी अडचण होती. ग्रंथी कुटली की तिच्यातील पाचक रस मोकळा होई आणि जे द्रव्य हवे त्याचाच नाश होण्याचा धोका राही. तेव्हा बँटिंग ह्यांच्या वाचनात लागेसचे एक निरीक्षण आले: नवजात व गर्भस्थ जीवांच्या स्वादुपिंडात पाचक भागाच्या मानाने द्वीपकांचे प्रमाण अधिक असते. गर्भाला अन्न पचवावयाचे नसते. मग त्याच्या ग्रंथीत पाचक रसाचा जोर कोठून असणार? बँटिंग शेतकरी कुटुंबात वाढलेले होते. कत्तलखान्यात येणाऱ्या गाई पुष्कळदा गाभण असतात, हे त्यांना माहीत होते. त्यांनी गर्भावस्थेतील वासरांची स्वादुपिंडे मिळविली. त्यांच्यापासून काढलेल्या अर्काने मधुमेही कुत्र्यांच्या रक्तातील साखर उतरली.

अर्थात हा मार्ग सर्व रुग्णांना पुरणारा नव्हता. लवकरच मोठ्या जनावरांच्या ग्रंथींतून मद्यार्काच्या साह्याने इन्शुलिन काढण्याची रीत साधली. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले, आणि कॉलिप ह्यांनी शुद्ध केलेल्या अर्काने त्याची प्रकृती सुधारली. १९२३ सालचे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड ह्यांस मिळाले.

पुढील काळात शास्त्रज्ञांनी इन्शुलिनच्या रेणूचाच अभ्यास आरंभिला. हे प्रथिन ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांनी बनले आहे, आणि त्या आम्लांचा क्रम फ्रेडरिक सँगर ह्यांनी निश्चित केला. त्यासाठी त्यांस १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या साखळ्यांची अवकाशातील ठेवण १९६९ साली ऑक्सफर्ड येथे डॉरोथी हॉजकिन ह्यांच्या चमूने क्ष-किरणांच्या साह्याने उलगडली. त्या चमूत एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञ होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिक्षण घेऊन ते ऑक्सफर्डला गेले होते; परतल्यावर त्यांनी त्याच संस्थेत प्रथिनांच्या रचनेच्या अभ्यासाची परंपरा उभारली. १९७८ साली अमेरिकेत जीवाणूंकडून मानवी इन्शुलिन तयार करून घेण्यात यश आले आणि चार वर्षांनी त्याचा औषध म्हणून वापर मान्य झाला. बंगळुरूच्या यीस्टची कथा ह्याच मार्गावरील पुढची पायरी होय.

इन्शुलिन असे हाती आले. ते तयार करणारी पेशी मात्र दूरच राहिली. ती पेशी कशी घडते ते आता पाहू.

दोन अंकुरांचे मीलन

गर्भ चार आठवड्यांचा होतो न होतो, तोच त्याच्या भावी आतड्याच्या साध्या नळीवर एक लहानसा फुगवटा दिसू लागतो. हा पाठीकडील अंकुर. थोड्याच दिवसांत पोटाकडील बाजूस, यकृत व पित्तनलिका जेथून फुटतात त्याच्या लगत, दुसरा अंकुर निघतो. आरंभी हे दोन अंकुर नळीच्या परस्परविरुद्ध बाजूंस असतात. पुढे ग्रहणी स्वतःभोवती वळू लागते. तिच्याबरोबर पोटाकडील अंकुर मागून फिरून पाठीकडील अंकुराजवळ येतो, आणि सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही एकजीव होतात. हे वळण क्वचित चुकते. तसे झाल्यास स्वादुपिंड ग्रहणीभोवती कड्यासारखे वेढले जाते, आणि काही अर्भकांत ह्या कड्याने अन्नाचा मार्ग अडतो.

आता असा प्रश्न येतो की, संपूर्ण लांबीच्या नळीत नेमक्या ह्याच ठिकाणी स्वादुपिंडाचा अंकुर का फुटावा? कोंबडीच्या गर्भावरील प्रयोगांनी १९९० नंतरच्या दशकात त्याचे उत्तर मिळू लागले. गर्भाच्या पाठीतून पृष्ठरज्जू नावाचा एक दांडा जातो. तो काही काळ आतड्याच्या नळीला चिकटून असतो, आणि त्याच्याकडून येणारे रासायनिक संदेश नळीच्या तेवढ्याच भागातील 'सॉनिक हेजहॉग' ह्या जनुकाचे काम बंद पाडतात. जेथे हे जनुक बंद होते तेथे स्वादुपिंडाला वाव मिळतो. पृष्ठरज्जू वेळीच दूर केला तर पाठीकडील अंकुराची घडण बिघडते. शेजाऱ्याच्या संदेशावाचून पेशीला तिची वाट सापडत नाही, हा गर्भविकासाचा एक मूलभूत नियम येथे स्पष्ट दिसतो.

पेशीला तिचे काम कोण सांगते?

शरीराच्या प्रत्येक पेशीत बहुतेक सारी जनुके असतात. परंतु प्रत्येक पेशी त्यांपैकी काहींचाच उपयोग करते. कोणती जनुके जागी करावयाची हे ठरविणारी काही अधिकारी जनुके आहेत. १९९४ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी पीडीएक्स-१ नावाच्या जनुकाविना उंदीर वाढविले. ती पिल्ले स्वादुपिंडावाचूनच जन्मली आणि काही दिवसांतच मेली. १९९७ साली ह्याच जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यामुळे स्वादुपिंडाशिवाय जन्मलेल्या एका बालकाची माहिती प्रसिद्ध झाली. जे उंदरात दिसले तेच माणसातही खरे ठरले.

अंकुर फुटल्यानंतर तो झाडासारखा शाखा-उपशाखांनी वाढतो. शाखांच्या टोकांवरील पेशी पाचक रसाच्या कामास लागतात. शाखांच्या मधल्या भागातील काही पेशींपासून नलिकांच्या भिंती होतात, तर काहींत न्यूरोजेनिन-३ नावाचे जनुक थोड्या काळापुरते जागे होते. ज्या पेशीत ते जागे झाले ती भिंत सोडून बाहेर पडते, आपल्यासारख्या इतर पेशींत मिसळते आणि द्वीपकाची घटक बनते. स्ट्रासबुर्गच्याच परिसरातील एका प्रयोगशाळेने २००० साली असे दाखविले की, हे एक जनुक नसलेल्या उंदरांत पाचक भाग बनतो, परंतु द्वीपकांच्या पेशी मुळीच बनत नाहीत. मानवी गर्भात इन्शुलिन असलेल्या पेशी तिसऱ्या महिन्याच्या आसपास दिसू लागतात.

जन्मानंतर पहिली काही वर्षे बीटा पेशी विभागून आपली संख्या वाढवितात. पुढे ही वाढ फार मंदावते. प्रौढ उंदरांत नव्या बीटा पेशी येतात तरी कोठून, ह्याचा छडा हार्वर्ड विद्यापीठातील डग्लस मेल्टन ह्यांच्या प्रयोगशाळेने २००४ साली लावला. त्या प्रामुख्याने जुन्या बीटा पेशींच्याच विभाजनाने होतात, असे आढळले. ह्याचा रुग्णाच्या दृष्टीने अर्थ गंभीर आहे. मूळ पेशीच नष्ट झाल्या तर त्यांची जागा घेण्यास राखीव साठा जवळजवळ नसतो.

प्रयोगशाळेत गर्भाचा मार्ग

दिवंगत दात्यांच्या स्वादुपिंडातील द्वीपके काढून रुग्णास देण्याचे प्रयत्न पूर्वीपासून होत आले आहेत. कॅनडातील एडमंटन येथे २००० साली सात रुग्णांवर केलेल्या अशा उपचाराने त्या सर्वांची इन्शुलिनची गरज काही काळ संपली. परंतु एका रुग्णासाठी पुष्कळदा दोन किंवा अधिक दात्यांची द्वीपके लागतात, आणि दाते तर थोडे. म्हणून द्वीपके प्रयोगशाळेतच वाढविण्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले.

ह्या प्रयत्नांत मराठी प्रदेशाचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात रमेश भोंडे व त्यांचे सहकारी अनेक वर्षे द्वीपकांवर संशोधन करीत होते. २००९ साली त्यांनी उंदराच्या चरबीतील मूलपेशींपासून द्वीपकांसारखे पुंजके तयार केल्याचे प्रसिद्ध केले. मधुमेही उंदरांत त्यांचे रोपण केल्यावर साखर उतरली. पुढे भोंडे ह्यांनी बंगळुरू येथे मणिपाल विद्यापीठाच्या पुनर्जनन वैद्यकाच्या शाखेत काम केले. पुण्यातूनच पुढे गेलेले आनंदवर्धन हार्डीकर हे २००४ साली अमेरिकेत गर्शेनगॉर्न ह्यांच्याबरोबर झालेल्या एका संशोधनात सहभागी होते. मानवी द्वीपकांतील पेशी आपले रूप पालटून वाढतात आणि नंतर पुन्हा इन्शुलिनकडे वळू शकतात, असा त्या संशोधनाचा निष्कर्ष होता. वाढणाऱ्या त्या पेशी खरोखर बीटा पेशींच्याच वंशातील काय, ह्यावर पुढे बराच वाद झाला. विज्ञानात असे वाद होणे हे त्याच्या प्रकृतीचेच लक्षण आहे.

सर्वांत फलदायी ठरला तो गर्भाच्याच पावलावर पाऊल टाकण्याचा मार्ग. कोणत्याही अवयवाच्या पेशीत रूपांतर पावू शकणाऱ्या मूलपेशी घ्यावयाच्या आणि गर्भात जे संदेश ज्या क्रमाने मिळतात तेच त्यांना काचपात्रात द्यावयाचे. त्या प्रथम आतड्याच्या आद्य थराच्या पेशी होतात, मग नळीच्या, मग स्वादुपिंडाच्या अंकुराच्या, आणि शेवटी संप्रेरके तयार करणाऱ्या. ज्या हेजहॉग जनुकाला पृष्ठरज्जू गप्प करतो, त्याच्या संदेशाची वाट येथे एका रासायनिक द्रव्याने अडवितात. २००६ साली ह्या मार्गाने इन्शुलिन करणाऱ्या पेशी मिळाल्या, पण त्या अपक्व होत्या. २०१४ साली मेल्टन ह्यांच्या व आणखी एका गटाने साखरेला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने वाढविण्याची रीत सिद्ध केली.

व्हर्टेक्स ह्या अमेरिकन कंपनीने मूलपेशींपासून तयार केलेल्या द्वीपकांच्या चाचणीचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या ज्या १२ रुग्णांस पूर्ण मात्रा यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून देण्यात आली, त्यांपैकी १० जणांना एक वर्षानंतर बाहेरून इन्शुलिन घ्यावे लागत नव्हते. ही बातमी आनंदाची खरी; परंतु तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परक्या पेशी टिकाव्यात म्हणून ह्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात आणि त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो. चाचणीत सहभागी झालेल्यांपैकी दोघे दगावले. त्यांतील एकाच्या मृत्यूस मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य दाह कारण झाला. शरीराच्या प्रतिकारापासून नव्या पेशींचे रक्षण कसे करावे, हा ह्यापुढील मोठा प्रश्न आहे.

मातेच्या पोषणाचा संबंध

स्वादुपिंडाच्या घडणीपासून मिळणारा दुसरा धडा प्रयोगशाळेबाहेरचा आहे. गर्भाला साखर मातेच्या रक्तातून वारेमार्फत मिळते. इन्शुलिन मात्र वार ओलांडीत नाही, ते गर्भाला स्वतःच तयार करावे लागते. मातेची साखर वाढलेली असली तर गर्भाच्या बीटा पेशींना जादा काम पडते आणि मूल वाजवीपेक्षा मोठे होते. उलट, गाभण उंदरांच्या माद्यांना प्रथिने कमी दिली तर पिल्लांत बीटा पेशी कमी बनतात, असे प्रयोगांत दिसले आहे. १९९२ साली हेल्स व बार्कर ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी असे मत मांडले की, गर्भावस्थेतील कुपोषण आणि उतारवयातील मधुमेह ह्यांचा निकटचा संबंध असावा.

हिंदुस्थानात ह्या मताची परीक्षा अधिक खोल झाली. मैसूरच्या होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालयात जन्मलेल्या ५०६ स्त्रीपुरुषांची प्रौढपणी तपासणी करण्यात आली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जन्मतः ज्यांची लांबी कमी पण अंग भरलेले होते आणि ज्यांच्या माता वजनाने अधिक होत्या, त्यांच्यात मधुमेह जास्त आढळला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील माता व मुले ह्यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. मात्र त्वचेखालील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसावयास कृश, परंतु अंगी चरबी राखून असलेले हे मूल पुढे मधुमेहाकडे झुकण्याचा संभव अधिक. म्हणून मुलीच्या वयात आणि गरोदरपणी स्त्रीला मिळणारा सकस आहार, तसेच गरोदर स्त्रीच्या रक्तातील साखरेची वेळेवर तपासणी, ह्या गोष्टी पुढील पिढीच्या आरोग्याशीही निगडित आहेत.

तूर्त काय ध्यानी ठेवावे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असावा. गोव्यात तर हे प्रमाण प्रौढांत शेकडा २६ हून अधिक आढळले. इतक्या मोठ्या संख्येच्या दुःखावर फसव्या उपायांचा बाजार उभा राहणे अवघड नाही. 'मूलपेशी टोचा आणि मधुमेहमुक्त व्हा' अशा जाहिराती पाहून काही कुटुंबे घरदार गहाण टाकतात. अशा वेळी वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतातील २०१७ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही ठरावीक विकारांखेरीज अन्य रोगांसाठी मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. मान्यताप्राप्त चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. तेव्हा कोणी पैसे मागून खात्रीच्या गुणाचे वचन देऊ लागला, तर त्याच्यापासून दूर राहावे आणि चालू असलेले इन्शुलिन स्वतःच्या विचाराने कदापि बंद करू नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात असे केल्याने थोड्याच दिवसांत प्राणावर बेतते.

काचपात्रात वाढविलेली द्वीपके सर्वसामान्य रुग्णास परवडतील अशी होण्यास अद्याप बरेच काम उरले आहे. तोवर बाहेरून घ्यावयाचे इन्शुलिन, बेताचा आहार, व्यायाम आणि नियमित तपासणी हेच रुग्णाचे भरवशाचे आधार आहेत. चौथ्या आठवड्यात आतड्याच्या नळीवर उमटणाऱ्या त्या लहानशा फुगवट्याचा अभ्यास प्रथम निव्वळ जिज्ञासेपोटी झाला. १९२१ साली त्याच अभ्यासाने इन्शुलिनची वाट सुकर केली, आणि आज बीटा पेशी घडविण्याची रीतही त्यानेच शिकविली आहे.